दीडशे टन पाऊस, चार टन भिंती

दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद, एवढंच छप्पर. खाली दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि एक पडवी. सगळं मिळून साडेपाचशे चौरस फुटांच्या आत. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगरांत, वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. म्हणजे पाणी जागच्या जागी उभं राहिलं असतं तर तीन मीटर उंच. पन्नास चौरस मीटरच्या या छपरावर एका पावसाळ्यात १५० घनमीटर पाणी उतरतं. लिटरमध्ये दीड लाख, वजनात १५० टन. त्याच घराच्या भिंती तिथल्या जुन्या रीतीनं कारवीच्या कुडाच्या, शेणमातीनं लिंपलेल्या असतील, तर त्या सगळ्या भिंतींचं वजन भरतं जेमतेम चार टन.

जंगलात, पाण्याच्या काठी, भोवतालावर भार न टाकणारं छोटं घर असावं, अशी इच्छा आता पुण्यामुंबईतल्या कितीतरी घरांत बोलली जाते. डिंभे, माणिकडोह, पिंपळगाव जोगे या धरणांच्या फुगवट्याकाठी जमिनी शोधत लोक फिरतात. इच्छा चांगली आहे आणि ती मनापासून असते यात मला शंका नाही. पण घर लहान म्हणून त्याचा भारही लहान, असं धरून आराखडा सुरू झाला की पुढचं सगळं चुकत जातं. आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांत पाणी, उतार आणि दगड ज्या मापानं येतात ते माप आधी कागदावर मांडलं पाहिजे. त्यानंतर खिडकी तळ्याकडे असावी की डोंगराकडे, ते बघू.

पाण्यापासूनच सुरुवात करू. चार माणसांचं कुटुंब धरा. जलजीवन मिशननं ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण धरलं आहे. चौघांचे २२० लिटर. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने म्हणजे २४३ दिवस. हिशेब होतो ५३,४६० लिटर. छपरावर दीड लाख लिटर पडतात; पहिल्या सरीचं धुवण, उडालेलं, सांडलेलं वजा केलं तरी सव्वा लाखाच्या आसपास हाती येतील. गरजेच्या दुप्पट. तेव्हा पाणी कमी नाही. अडचण इतकीच की ते सगळं चार महिन्यांत येतं आणि मग आठ महिने आकाशातून जवळजवळ काही येत नाही. ५३,४६० लिटर ठेवायचे तर पावणेचार मीटर लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच खोल टाकी लागते. साडेपाचशे फुटांच्या घरात ही आणखी एक खोली झाली, आणि तीही सगळ्यांत जड. भरली की ५३ टन.

हेच छप्पर उचलून सरळ रेषेत चाळीस किलोमीटरवर, जुन्नर गावात नेऊन ठेवा. तिथे पाऊस साधारण ७०० मिलिमीटर. मिळतील ३५,००० लिटर, आणि कुटुंब मार्चच्या सुरुवातीलाच कोरडं पडेल. चाळीस किलोमीटरमध्ये पाऊस चौपटीनं बदलतो. म्हणून पुस्तकातून किंवा दुसऱ्या मुलखातून उचललेला आराखडा इथे चालत नाही. एवढंच काय, डिंभ्याच्या पश्चिम टोकाला चालणारा आराखडा धरणाच्या भिंतीजवळही तसाच्या तसा चालेल याची खात्री नाही.

मग कोणी म्हणेल, समोर एवढं मोठं तळं आहे, टाकी कशाला? मोटर टाकू.

त्या तळ्याचाही हिशेब मांडू. घोड नदीवरचं डिंभे धरण, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागर. विदेशी मालाच्या ट्रकपुढे उभं राहून १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राण देणारे बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. धरणाचा उपयुक्त साठा साडेबारा टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, जवळजवळ २,८३२ कोटी लिटर. साडेबारा टीएमसी म्हणजे ३५,४०० कोटी लिटर. आपल्या घराची आठ महिन्यांची गरज यातून भागवायची तर अशी ६६ लाख घरं बसतील. कुकडी प्रकल्पाची पाचही धरणं, डिंभे, माणिकडोह, पिंपळगाव जोगे, येडगाव आणि वडज, मिळून साठा जातो साडेएकोणतीस टीएमसीच्या वर. या आकड्यांपुढे एका घराची मोटर काहीच नाही, असं वाटणं साहजिक आहे.

पण ते पाणी कुणाच्या घरावर उभं आहे? ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते मूळ आंबेगावच डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो; उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाची देवळं उघडी पडतात. ज्या महादेव कोळी कुटुंबांची भातखाचरं बुडाली त्यांतली कितीतरी कुटुंबं वर सरकून त्याच डोंगरांत राहिली. कालवे मात्र पूर्वेला जातात, उसाला आणि सपाटीवरच्या शेतांना. धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाड्यावस्त्यांत मार्च-एप्रिलनंतर बायका अजून डोक्यावर हंडे घेऊन चालतात आणि टँकरची वाट पाहतात. खाली तळं दिसतं, वर पाणी नाही. एक हजार लिटर पाणी ५० मीटर वर चढवायला भौतिकशास्त्राच्या हिशेबानं ०.१४ युनिट वीज पुरते, प्रत्यक्षात पंपाचं नुकसान धरून तिच्या दुप्पट. वीज एवढीच, कमी पडते ती पाइपलाइन आणि त्या पाइपलाइनवरचा हक्क. हे समोर असताना शनिवार-रविवारच्या घरासाठी तळ्यात मोटर सोडणं मला पटत नाही. जे घर स्वतःचे आठ महिने स्वतःच्या छपराखाली साठवतं, त्यालाच इथे टिकाऊ म्हणावं.

विजेचंच उलट गणित तर आणखी थक्क करणारं आहे. डिंभ्याच्या पायथ्याशी ५ मेगावॉटचं छोटं जलविद्युत केंद्र आहे. पाणी ५० मीटरवरून पडतं असं धरलं आणि यंत्रं ८५ टक्के कार्यक्षमतेनं चालली असं मानलं, तर एक युनिट वीज मिळवायला सुमारे ८,६०० लिटर पाणी खाली सोडावं लागतं. गिझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. छपरावर एक किलोवॉटचे सौर पॅनेल बसवले तर वर्षभराच्या सरासरीनं रोज चार युनिट मिळतात. पण आषाढात ढग डोंगरावर बसले की तेच पॅनेल त्याच्या एक-तृतीयांशावर येतात. म्हणजे पाणी भरपूर असतं तेव्हा ऊन नाही आणि ऊन भरपूर असतं तेव्हा पाणी नाही. दोन्ही साठवायचंच आहे.

साठवणीची ही विद्या या मुलखाला नवी नाही. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत: लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी. बौद्ध भिक्खूंनी पावसाळ्यातले तीन महिने एका जागी राहावं हा नियम. लेणी ही त्या वर्षावासाचीही घरं. लेण्याद्रीचं सातव्या क्रमांकाचं लेणं, जिथे आज गिरिजात्मज गणपती आहे, त्याचा मंडप सुमारे सतरा मीटर लांब, साडेपंधरा मीटर रुंद आणि तीन मीटरहून जास्त उंच आहे. मध्ये एकही खांब नाही. नुसत्या मंडपातून निघालेला दगड मोजला तर आठशे घनमीटरच्या वर जातो. कातळाचं वजन घनमीटरला पावणेतीन टनांच्या वर. छिन्नी आणि हातोड्यानं दोन हजार टनांहून जास्त बेसॉल्ट बाहेर काढला गेला, तोही भोवतालच्या वीस खोल्या सोडून.

पण घर बांधणाऱ्यानं मंडपापेक्षा जास्त वेळ पोढीजवळ थांबावं. पोढी म्हणजे लेण्याच्या तोंडाशी कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. डोंगराच्या माथ्यावर पडलेलं पाणी कोरलेल्या चरांतून येऊन त्यात साठतं. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी उन्हाळ्यातही आटत नाहीत. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणांचे आकडे कोरलेले आहेत: ११,००० गाई, १,००० घोडे, २४,४०० कार्षापणं. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांत त्यांची गणना होते. विद्वान ते आकडे वाचायला तिथे जातात; घाट चढून आलेला माणूस आधी जवळच्या टाक्यातलं पाणी शोधतो. दोन हजारांच्या आसपास वर्षं झाली आणि टाक्यात पाणी आहे.

हा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. दख्खनच्या पठारावर आज तो पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. घट्ट, कमी भेगांचा थर सापडला तर त्यात पाणी मुरत नाही. म्हणूनच पाऊस धो धो पडूनही विहिरी लवकर आटतात आणि म्हणूनच खोदलेलं टाकं पाणी धरून ठेवतं. आपल्या घराला लागणारं ५३ घनमीटरचं टाकं कातळात खोदायचं ठरवलं तर त्यातून निघेल दीडशे टनांच्या आसपास दगड, म्हणजे वर्षभरात छपरावर पडणाऱ्या पावसाइतका. सुरुंग न लावता, हातानं किंवा छोट्या यंत्रानं, उतार न हलवता हे काम करता येतं. त्या दगडातून खांबांचे पाये, पायऱ्या आणि घराच्या वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर बांधून निघतो. बाहेरून एक ट्रक दगड आणावा लागत नाही. मुख्य म्हणजे ५३ टनांचा भार उतारावर उभा न राहता डोंगराच्या पोटात जातो.

उतारावरचा भार म्हटलं की माळीणबद्दल बोलावंच लागतं.

माळीण आंबेगावातलंच, डिंभ्याच्या फुगवट्याच्या वरच्या बाजूचं गाव. ३० जुलै २०१४ च्या सकाळी गावामागचा डोंगर खाली आला. १५१ माणसं गेली. आदल्या दिवशी तिथे शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. शंभर मिलिमीटर हा आकडा ऐकताना छोटा वाटतो, चार इंच. एका हेक्टरवर तो पडला की १,००० टन पाणी होतं. डोंगरउतारावर दोन मीटर जाडीचा मातीचा थर आहे असं धरा; त्याच्या घनफळाच्या वीस टक्के इतक्या पोकळ्या पाण्यानं भरल्या तर हेक्टरी ४,००० टन वजन वाढतं. वजनापेक्षाही वाईट म्हणजे ते पाणी मातीच्या कणांना एकमेकांपासून उचलतं, त्यांची पकड सोडवतं. खाली कातळ गुळगुळीत असतो. त्या दुर्घटनेनंतर पावसाच्या प्रमाणाची चर्चा झाली आणि यंत्रानं उतार कापून केलेल्या सपाट्यांचीही. माझ्या दृष्टीनं घर बांधणाऱ्यासाठी शिकवण दुसऱ्या चर्चेत आहे, कारण पाऊस त्याच्या हातात नाही आणि पोकलेन आहे.

वीस अंशांच्या उतारावर आपलं घर ठेवायचं. मागे दोन मीटरची चालायची जागा धरून सात मीटर रुंद आणि बारा मीटर लांब सपाटी कापली, तर मागची उभी दरड अडीच मीटर उंच होते आणि सुमारे १०७ घनमीटर, जवळजवळ दोनशे टन माती हलवावी लागते. साडेपाचशे फुटांच्या घरासाठी दोनशे टन! आणि ती काढली जाते ती डोंगराच्या पायाशी, जिथे वरच्या मातीला तिचाच टेका असतो. तेच घर बारा खांबांवर उभं केलं तर अर्धा मीटर लांबरुंद, एक मीटर खोल असे बारा खड्डे पुरतात: तीन घनमीटर. पाणी घराखालून आपल्या वाटेनं जातं. पडकई ही इथल्या आदिवासींची रीत याच्याशी जुळणारी आहे. उतारावरची भातखाचरं अनेक हात एकत्र येऊन, दगडांचे बांध घालत, थोडी थोडी घडवायची. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या शाश्वत संस्थेनं तिला पुन्हा बळ दिलं. धरणग्रस्तांची जलाशयातली मासेमारी, पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवरची गाळपेर शेती आणि ही पडकई, या कामांसाठी संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

गाळपेरीचा संबंध तळ्याकाठच्या घराशी थेट आहे. धरणाचं पाणी ऑक्टोबरात काठोकाठ असतं; मे अखेरीस ते कितीतरी खाली गेलेलं असतं. वीस मीटर उतरलं असं धरलं आणि काठाचा उतार दहाला एक असला, तर काठ दोनशे मीटर दूर जातो. दिवाळीत पायरीला लागणारं तळं मे महिन्यात दोन फुटबॉल मैदानं ओलांडून गाठावं लागतं. मधली जमीन ओसाड नसते. पाणी जसं हटतं तसं कोणीतरी तिथे बी टाकतं, कोणाची गुरं चरतात, कोणाच्या होड्या लागतात. म्हणून घराचं कुंपण पाण्यापर्यंत नेऊ नये. वाट मोकळी ठेवावी.

आता भिंतींकडे येऊ. आरसीसीच्या साध्या बांधकामाला चौरस फुटाला ०.४ पोतं सिमेंट आणि चार किलो सळई, हा बांधकामाच्या साइटवर रोज वापरला जाणारा ठोकताळा. ५४० फुटांना २१६ पोती, म्हणजे १०.८ टन सिमेंट, आणि दोन टनांच्या वर लोखंड. टनभर सिमेंटमागे ०.६ टन कर्बवायू आणि टनभर पोलादामागे दोन टनांहून जास्त, असं धरलं तर विटा मोजण्याआधीच दहा टन ओलांडले. दगडाच्या दीड फुटी भिंती घातल्या तर कर्बवायू कमी, पण वजन सत्तर टनांवर. कारवीचा कूड चार टनांत काम भागवतो. वास्तुविशारद लॉरी बेकर सांगत की घराचं सामान पाच मैलांच्या परिघातून यावं हा विचार त्यांना गांधीजींकडून मिळाला. इथल्या पाच मैलांत कारवी आहे, बांबू आहे, माती, भाताचा पेंढा, कातळ आहे. मात्र हे जंगल कोणाची वखार नव्हे. १९८५ साली जाहीर झालेल्या भीमाशंकर अभयारण्याचं क्षेत्र १३० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्यातली काडीही घरासाठी तोडायची नाही. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. फुलण्याआधी ती सरसकट कापली तर पुढची पिढीच येत नाही. तेव्हा मालकीच्या रानातली, बी पडून गेल्यावर वाळलेली कारवी घ्यावी आणि बाकी भिंत बांबूची करावी.

हलकं म्हणजे कच्चं, ही समजूत मोडायची असेल तर जुन्नर तालुक्यातच खोडदला जावं. तिथल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. एका तबकडीचं तोंड १,५९० चौरस मीटरचं. आपली जवळजवळ बत्तीस छपरं त्यात मावतील. ती उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरीव पत्रा वापरलाच नाही. ताणलेल्या दोरांवर बारीक तारेची जाळी बसवली, तार ०.५५ मिलिमीटर जाडीची. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका राहिला आणि खर्च आवाक्यात. याच जाळीनं ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा क्षीण संकेत पकडला. २०२३ साली ते जाहीर झालं. घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात घरालाही हेच लागू आहे. पडवी मोकळी, पाख्यांखाली वारा जायला फट, छप्पर उतरतं आणि खांबांना घट्ट बांधलेलं.

सर्वांत मोठा आकडा मात्र संडासात आहे आणि आराखड्यात त्याला सर्वांत कमी जागा मिळते. माणसाच्या शरीरातून वर्षाला अर्धा किलोच्या आसपास फॉस्फरस बाहेर पडतो. चौघांचा दोन किलो. तळ्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅमच्या पुढे फॉस्फरस गेला की शेवाळ माजू लागतं. दोन किलो फॉस्फरस साडेसहा कोटी लिटर स्वच्छ पाणी त्या उंबरठ्यापर्यंत आणू शकतो आणि त्यावर सव्वादोन क्विंटल कोरडं शेवाळ वाढू शकतं. वर्षभर राहणाऱ्या अशा शंभर घरांचा सगळा मैला तळ्यात पोचला, तर साडेसहाशे कोटी लिटर. भरलेल्या डिंभ्यापुढे हे काही नाही. पण मे अखेरीस धरण दहा टक्क्यांवर आलं असेल तर त्या उरलेल्या पाण्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्याच पाण्यात मासे आहेत आणि माशांवर जगणारी माणसं. कातळाच्या भेगांतून शोषखड्ड्याचं पाणी कुठे निघेल ते वरून दिसत नाही. म्हणून काठावर कोरडा संडास हवा, मूत्र वेगळं करणारा. फॉस्फरसचा निम्म्याहून जास्त वाटा आणि नत्राचा बहुतेक सगळा मूत्रातच असतो; पाणी घालून ते परसातल्या झाडांना देता येतं. उरलेल्याचं वर्षभर कुजवून सोनखत.

आणि झाडं? मानमोडीच्या एका लेण्यातल्या लेखात अडुथुम नावाच्या शक उपासकाचं दान नोंदलं आहे: करंजाची झाडं लावण्यासाठी २० निवर्तनं जमीन, वडांसाठी ९. कातळ फोडून राहायला जागा करणाऱ्यांनी भोवती झाडांचीही तरतूद केली होती. आपल्या घराला जी तरतूद करायची ती आधी गाडीच्या रस्त्यात. भीमाशंकरचा शेकरू एका झेपेत सहा मीटरच्या आसपास अंतर तोडतो आणि शक्यतो जमिनीवर उतरत नाही. घरापर्यंत गाडी यावी म्हणून आठ मीटर रुंद पट्टा साफ केला, तर त्याच्या रानाचे दोन तुकडे झाले. तीन मीटरची पायवाट ठेवली आणि वरच्या फांद्या एकमेकींना भिडू दिल्या, तर तो तिच्यावरून जातो. गाडी दोनशे मीटर अलीकडे, डांबरी रस्त्यालगतच उभी करावी. तिथून घरापर्यंत चालायला तीन मिनिटं लागतात.